सोप्यातला सागवानी झोपाळा: चारांपैकी एक सांधा उघडला

फळीचं माप 6 फूट × 2 फूट, जाडी दीड इंच. म्हणजे दीड घनफूट लाकूड. वाळलेलं सागवान घनफुटाला 18-19 किलो भरतं, तेव्हा नुसती फळीच 28 किलोच्या घरात. ऐनाचं लाकूड घेतलं असतं तर आणखी सात-आठ किलो, शिवाय वाळताना चिरांची कटकट वेगळी.

माल खानापूरकडच्या पाडलेल्या घराची तुळई. जुनं सागवान वाळवावं लागत नाही, हे अर्धंच खरं. पावसाळाभर उघड्यावर पडलेली ही तुळई चिरली तर आत ओलाव्याचा मीटर 17 टक्के दाखवत होता. मधे पट्ट्या घालून चळत लावली. 12 वर यायला दोन महिने गेले. चिरण्याआधी लोहचुंबक फिरवाच, डोकं मोडलेले तीन खिळे निघाले. सागवानात सिलिका असते, त्यामुळे साध्या पात्याची धार लगेच जाते. कार्बाइडचं पातं लावा, नाकाला मास्क. कडेचा पांढरट भाग काढून टाका. टिकतो तो गाभा.

आता सांध्याचं. झोपाळ्याची फळी पाच फळ्या जोडून केलेली: चार सांधे, चिकटवायला इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद). तीन पक्के बसले, चौथा हाताने उघडला. इपॉक्सी एका बाजूने दुधावरच्या सायीसारखी सलग सुटून आली, लाकडाचा एक तंतूही चिकटलेला नाही. कारण साधं: ती कड आदल्या संध्याकाळी रंधून ॲसिटोनने पुसली होती आणि चिकटवली सकाळी. सागवानाचं तेल रातोरात परत वर येतं. पुन्हा एक हात रंधा मारला, 80 नंबरचा पेपर फिरवला, फडक्याला पिवळट डाग येईनासा होईपर्यंत ॲसिटोन, आणि पंधरा मिनिटांत इपॉक्सी. क्लॅम्प बेताने आवळायचे. जास्त आवळले की सगळी इपॉक्सी बाहेर येते. सांधा 24 तासांनी ठोकून पाहिला, घट्ट आहे.

खालच्या दोन आडपट्ट्या चिकटवायच्या नाहीत. ओलावा पाच टक्के हलला की 24 इंचांत चार-पाच मिलिमीटरचा फरक पडतो. आडपट्ट्या चिकटवून हीच फळी अथणीच्या कोरड्या उन्हाळ्यात नेली तर तडकेल. मधला स्क्रू घट्ट, कडेच्या स्क्रूंना लांबट भोक. पितळी स्क्रूआधी त्याच मापाचा लोखंडी फिरवून काढा, नाहीतर पितळी मान मोडते.

कड्यांचे बोल्ट आडपट्टीतून आरपार जातील. तेलाचा हात त्यानंतर.