गणपत गल्लीतला वन बीएचके

आज बेळगावच्या गणपत गल्लीतल्या एका जुन्या इमारतीत विक्रीचा वन बीएचके बघून आलो. सागवानी जिन्याला भुलायचं नाही. आधी तुळईचं भिंतीत गेलेलं टोक किल्लीनं टोचायचं. भुसा पडला की लाकूड पोखरलंय. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा असेल तर ओल आतच कोंडते, पांढरे फुगे येतात. रंग नवा, तोही कमरेपर्यंतच? मग ओल झाकलीय समजा! खरं तर घर जुलैत बघावं, बेळगावचा पाऊस काही झाकू देत नाही.

कागदात ई-खाता (पालिकेतली मालमत्तेची डिजिटल नोंद) आणि तीस वर्षांची ईसी (मालमत्तेवरचे नोंदणीकृत व्यवहार, बोजे दाखवणारा दाखला) हवीच. ईसी फॉर्म १६ मध्ये आली म्हणजे त्या काळात नोंदणीकृत व्यवहार नाही एवढंच. भाडेकरूचा तोंडी हक्क त्यात दिसत नाही. खरेदीपत्र बहुधा कन्नडमध्ये असतं, जमिनीतला अविभक्त हिस्सा लिहिलाय का, तेवढं जाणकाराकडून वाचून घ्या.