कॉर्ड बदलते तेव्हा बोट कुठे असतं?

परवा जुन्या फोनमधली रेकॉर्डिंग्ज चाळत होतो, त्यात माझाच एक सोलो सापडला. ए मायनर, एफ, सी, जी या चार कॉर्ड्स (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे काही सूर) फिरतायत आणि त्यावर मी तीन मिनिटं ए मायनर पेंटाटोनिक, म्हणजे पाच सुरांचं एक स्केल, वाजवतोय. एकही सूर बेसूर नाही, बेंड (तार खेचून सूर चढवणं) जागच्या जागी, व्हायब्रेटो (सुराचा कंप) बरा, स्पीड तर आत्ता आहे त्यापेक्षा जास्तच. आणि तरी ऐकताना सारखं वाटत राहतं की हा माणूस बोलतोय भरपूर, पण नक्की काय सांगायचंय ते काही कळत नाही. खाली कॉर्ड्स बदलतायत, वर गिटार आपल्याच नादात.

तेव्हा ते एका मित्राला ऐकवलं होतं, तो कीबोर्ड वाजवतो. तो म्हणाला, "अरे हात छान चालतोय तुझा, पण आता बॅकिंग ट्रॅक बंद कर आणि नुसती गिटार ऐकव. खाली काही नसताना मला कॉर्ड्स ऐकू आल्या पाहिजेत." ऐकवली. काहीच ऐकू आलं नाही, म्हणजे सूर ऐकू आले पण कॉर्ड कधी बदलली याचा पत्ताच लागेना. ते वाक्य मी तेव्हापासून धरून बसलोय आणि सोलोबद्दल मला जे काही समजलंय ते सगळं त्या एका वाक्यातूनच आलंय.

नीट बघितलं तर गोष्ट साधी आहे. ए मायनर पेंटाटोनिकमध्ये पाच सूर, ए, सी, डी, ई, जी. आता कॉर्ड्स बघा. ए मायनरमध्ये ए, सी, ई. एफमध्ये एफ, ए, सी. सीमध्ये सी, ई, जी. जीमध्ये जी, बी, डी. चारही कॉर्ड्सचे मिळून सात सूर होतात, त्यातले पाच आपल्या बॉक्समध्ये, म्हणजे गिटारवर बोटं ठेवायच्या जागांच्या ठरलेल्या साच्यात, आधीच आहेत, नाहीत ते फक्त एफ आणि बी. म्हणूनच तर पेंटाटोनिक इतकं सोपं वाटतं, कुठेही बोट ठेवा, वाईट लागत नाही. पण वाईट न लागणं वेगळं आणि मुद्दाम वाजवल्यासारखं लागणं वेगळं, मधलं अंतर सगळं कॉर्ड टोनचं आहे, म्हणजे त्या क्षणी जी कॉर्ड चालू आहे तिच्या आतले सूर.

त्या रेकॉर्डिंगमध्ये माझी जवळजवळ प्रत्येक फ्रेज ए वर येऊन थांबते. हाताला सवय, दुसरं काही नाही. ए मायनर चालू असताना तो ए म्हणजे रूट, कॉर्डला नाव देणारा सूर, घरी पोचल्यासारखा. एफ आली की तोच ए तिचा थर्ड, म्हणजे रूटपासून मोजून तिसरा सूर, होतो आणि एकदम गोड लागतो. सी वर तो सहावा सूर, थोडा लटकलेला पण खपून जातो. आणि जी वर तो नववा, तिथे तो ना आत ना बाहेर, नुसता तरंगतो. सूर एकच, बोट एकाच जागी, आणि चार कॉर्ड्सवर चार वेगळे अर्थ! मला हे कळलं त्या दिवशी मी अर्धा तास फक्त ए धरून बसलो होतो, लूपर (वाजवलेला तुकडा पुन्हापुन्हा फिरवणारं यंत्र) चालू ठेवून, आणि खाली रंग बदलताना ऐकत होतो. ज्याला ज्याला हे शिकायचंय त्याने आधी हे करून बघावं असं मला मनापासून वाटतं, काहीही न वाजवता, फक्त एक सूर धरून.

रागात षड्ज हलत नाही, तानपुरा तोच राहतो, न्यासाचे सूर ठरलेले असतात, आणि त्या एकाच जमिनीवर सगळी इमारत उभी राहते. कॉर्ड्सच्या संगीतात जमीनच दर दोन-चार सेकंदांनी सरकते, त्यामुळे टेकायचा सूरही सरकतो. समेवर येणं हा शब्द तालाचा, पण मला तो इथेही अगदी चपखल वाटतो. कॉर्ड बदलली त्या मात्रेला तुम्ही तिच्या सुरावर आलात की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते, आणि त्याच्या आधीचे आठ-दहा सूर कुठून कसेही आलेले असले तरी ते इथेच यायला निघाले होते असं वाटतं.

आता कुठल्या सुरावर यायचं. रूटवर आलात तर बरोबरच आहे, पण प्रत्येक वेळी रूट म्हणजे तुम्ही बेसवाल्याचंच काम दुसऱ्यांदा करताय. फिफ्थ, म्हणजे रूटपासून पाचवा सूर, सुरक्षित आणि थोडा फिका. खरी जादू थर्डमध्ये. रूटपासून चार फ्रेट (गिटारच्या दांड्यावरचे कप्पे, एक फ्रेट म्हणजे अर्धा सूर) वर असेल तर कॉर्ड मेजर, तीन फ्रेट वर असेल तर मायनर, म्हणजे कॉर्ड हसतीये का उदास आहे हे तो एकटा सूर सांगतो. आपल्या चार कॉर्ड्सचे थर्ड अनुक्रमे सी, ए, ई आणि बी. पहिले तीन पेंटाटोनिकमध्येच आहेत, चौथा नाही, आणि जी कॉर्डवर माझे सोलो नेमके का ढेपाळायचे त्याचं उत्तर या एका बी मध्ये होतं. उलट मी तिथे बऱ्याचदा सी धरून ठेवायचो, जो त्या बी ला अगदी खेटून आहे, त्यामुळे घासल्यासारखं व्हायचं आणि मी बेंड मारून ते झाकायला बघायचो.

गिटार हातात असेल तर आता पाचव्या फ्रेटवरचा नेहमीचा बॉक्स धरा, तारा सगळ्यात बारीक तारेपासून मोजायच्या. दुसऱ्या तारेवर पाचवा फ्रेट म्हणजे ई, आठवा म्हणजे जी. या दोघांच्या मध्ये, सहाव्या फ्रेटवर, तुमचा एफ. तिसऱ्या तारेवर पाचवा म्हणजे सी, आणि त्याच्या एक फ्रेट खाली, चौथ्यावर, तुमचा बी. झालं, दोन बोटांची भर, बॉक्स तोच. नवीन पाच शेप पाठ करायची गरज नाही, निदान आज तरी नाही.

यातून जी एक गोष्ट मी अजूनही रोज वाजवतो ती सांगतो. ए मायनरवर दुसऱ्या तारेचा पाचवा फ्रेट धरा, ई. तो ए मायनरचा फिफ्थ. कॉर्ड एफ होते त्या मात्रेला ती तार फक्त अर्धा सूर वर खेचा, की ई चा एफ झाला, नव्या कॉर्डचा रूट. सी आली की बेंड सोडा, पुन्हा ई, पण आता तो सी चा थर्ड आहे. बोट हललं नाही, फ्रेट तोच, तार तीच, आणि तीन कॉर्ड्स बोलून झाल्या. मग जी आली की तिसऱ्या तारेचा चौथा फ्रेट, बी, थोडा वेळ राहू द्या, आणि लूप फिरून ए मायनर आली की तोच बी अर्धा सूर खेचून सी करा, ए मायनरचा थर्ड. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी वाजवणं थांबवून नुसता बसलो, कारण पाच सूर होते फक्त आणि गाणं झालं होतं.

हे असं का लागतं, तर शेजारच्या कॉर्ड्समध्ये बऱ्याचदा एखादा सूर अर्ध्या सुराच्या अंतरावर असतो, ई वरून एफ, एफ वरून ई, सी वरून बी, बी वरून सी, आणि कान या छोट्या उडीचा फार लोभी आहे. मोठी उडी चमकदार असते, पण "कॉर्ड बदलली" हे सांगायला ही छोटीच पुरते.

ब्लूजमध्ये तर हे इतकं सुंदर बसतं की मला पहिल्यांदा विश्वासच बसेना. ए मधला बारा बारचा (बार म्हणजे चार मात्रांचा तुकडा) ब्लूज, कॉर्ड्स ए सेव्हन, डी सेव्हन, ई सेव्हन, म्हणजे नेहमीच्या तीन सुरांत रूटपासूनचा सातवा सूर, सेव्हन्थ, मिळवलेल्या. चौथ्या तारेचा पाचवा फ्रेट आणि तिसऱ्या तारेचा सहावा, दोन्ही एकत्र वाजवा, जी आणि सी शार्प, म्हणजे ए सेव्हनचे सेव्हन्थ आणि थर्ड. हीच जोडी एक फ्रेट खाली सरकवा, एफ शार्प आणि सी, हे डी सेव्हनचे थर्ड आणि सेव्हन्थ. मूळ जागेवरून एक फ्रेट वर न्या, जी शार्प आणि डी, ई सेव्हन तयार. अख्खा ब्लूज दोन तारांवर, प्रत्येकीवर तीनच फ्रेट. दहा मिनिटं फक्त ही जोडी मागेपुढे सरकवत बारा बार मोजा, मग त्याच्या आजूबाजूला तुमच्या नेहमीच्या लिक्स (हातात बसलेले छोटे तुकडे) वाजवा, पण पाचव्या बारला, डी सेव्हन येते तिथे, सी शार्पवरून सी वर उतरायचंच असं ठरवून. त्या एका उतरणीने सोलो समजूतदार वाटायला लागतो.

हे नवीन काही नाही अर्थात. जॅझ गिटारवादक चार्ली ख्रिश्चन १९३९ ते १९४१ बँडलीडर बेनी गुडमनबरोबर इलेक्ट्रिक गिटार वाजवत होता, त्याच्या ओळी कॉर्डच्या शेपभोवतीच फिरतात, ऐकताना हाताखालची कॉर्ड दिसते. आणि सगळ्यांच्या कानात असलेलं उदाहरण म्हणजे ईगल्स या बँडच्या १९७६ च्या होटेल कॅलिफोर्निया या गाण्याचा शेवट, दोन गिटारी मिळून प्रत्येक कॉर्डचे सूर मोडून वाजवत जातात, आणि एफ शार्प कॉर्डचा थर्ड, ए शार्प, तर बी मायनरच्या नॅचरल स्केलमध्ये नाहीच. नुसतं स्केल वाजवणाऱ्याला तो सूर कधी सापडलाच नसता.

मात्र एक धोका आहे, मी त्यात दोन-तीन महिने अडकलो होतो. फक्त कॉर्ड टोन वाजवत बसलात तर सगळं आर्पेजिओच्या, म्हणजे कॉर्डचे सूर एकामागून एक वाजवण्याच्या, सरावासारखं वाटतं, जिना चढल्यासारखं. मधले सूर हवेतच, तेच तर ओढ लावतात. जी कॉर्डवर सी धरणं चूक असं मी वर म्हटलं, पण तोच सी मुद्दाम एक मात्रा धरून मग बी वर सोडा, काय सुख आहे त्यात! घासणारा सूर आणि वाट बघायला लावणारा सूर एकच असतो, फक्त पुढे कुठे जायचं ते तुम्हाला माहीत असलं पाहिजे. तसंच प्रत्येक वेळी पहिल्याच मात्रेवर टेकायचं असंही नाही, अर्धी मात्रा आधी आलात तर घाई केल्याचा मस्त भास होतो, उशिरा आलात तर आळसावल्यासारखं वाटतं, आणि दोन्ही छानच.

सराव म्हणाल तर माझा अगदी साधा आहे. ६० चा टेम्पो, प्रत्येक कॉर्डला एकच सूर, तोही थर्ड, आणि वाजवायच्या आधी तो तोंडाने गायचा. गाता आला नाही तर वाजवायचा नाही, कारण मग बोटाला माहीत असतं पण कानाला नसतं. ते जमलं की दोन थर्डच्या मध्ये स्केलचे सूर भरायचे, आधी एक, मग दोन, मग मोकळं सोडायचं. तोंडाने कॉर्डचं नाव म्हणत वाजवणं हे त्याहून अवघड, पण मला सगळ्यात जास्त फायदा त्याचाच झाला.

गेल्या आठवड्यात त्याच चार कॉर्ड्सवर नवीन सोलो रेकॉर्ड केला आणि त्याच मित्राला पाठवला, या वेळी बॅकिंग ट्रॅक न देता, नुसती गिटार. कॉर्ड्स सांगितल्या नव्हत्या. त्याने तासाभरात उत्तर पाठवलं, ए मायनर, डी मायनर, सी, जी. चारातल्या तीन बरोबर. दुसरी का चुकली म्हणून पुन्हा ऐकलं तर मी एफ कॉर्डवर एफ आणि ए वाजवून शेवटी डी वर जाऊन थांबलोय, आणि एफ, ए, डी म्हणजे डी मायनरच की. त्याने बरोबरच ऐकलं होतं. आता त्या बारमध्ये डी च्या जागी सी वर उतरून बघतोय, तिसऱ्या तारेवर सातव्याऐवजी पाचवा फ्रेट, दोन फ्रेटचाच फरक आहे.