आधी पाणी, मग मासे

गेल्या हिवाळ्यात मोठी ओहोटी बघून मुलांना हाजी अलीच्या खडकांवर नेलं होतं. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या गटाची माणसं तिथे हौशी लोकांना किनारा दाखवत फिरतात. खडकांतल्या डबक्यात समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे प्राणी, सी अ‍ॅनिमोन) आणि शंख पाठीवर घेऊन पळणारे साधू खेकडे बघून धाकट्याने तिथेच डबा रिकामा करायला घेतला. एक खेकडा घरी न्यायचा, एवढंच. किनाऱ्यावरून काहीही उचलायचं नाही हा तिथला नियम, आणि तो मला मनापासून पटतो. पण घरी येईपर्यंत ट्रेनमध्ये थोरलीने वेगळाच प्रश्न काढला: समुद्रातून काहीच न घेता आपल्याला घरी समुद्र करता येईल का?

येतो, खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाच्या रूपात. पण त्याला वेळ लागतो, आणि मुलांसोबत करायचं तर तो वेळच सगळ्यात मोलाचा, असं मी आता ठामपणे सांगेन.

काय आणायचं नाही, ते सगळ्यात आधी ठरलं. प्रवाळ १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. जिवंतच काय, सुकलेला तुकडा बाळगणंही गुन्हा. समुद्रघोडाही याच कायद्याने संरक्षित. परदेशी व्हिडिओंत टाकीत रचलेला जो ‘लाइव्ह रॉक’ दिसतो, तो बहुतेक वेळा समुद्रातून काढलेला प्रवाळाचाच सांगाडा असतो. म्हणून आम्ही भट्टीत भाजलेले सिरॅमिकचे सच्छिद्र दगड घेतले. चौपाटीवरची वाळूही नको म्हटलं, पाकिटातली अ‍ॅरागोनाइट वाळू आणली. तिच्यात कॅल्शियम कार्बोनेट असतं आणि पाण्याचा पीएच फार उतरू नये यासाठी तिची थोडी मदत होते.

टाकी दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच. मुलांसाठी म्हणून टेबलावरची इवलीशी टाकी घ्यायचा मोह सगळ्यांनाच होतो. मी तो सल्ला कुणालाही देणार नाही. पाणी जितकं कमी, तितकं ते लवकर तापतं, लवकर खारट होतं आणि लवकर बिघडतं. आमच्या टाकीत दगड-वाळू जाऊन सत्तरेक लिटर पाणी बसतं. काच, दगड आणि पाणी धरून वजन शंभर किलोच्या आसपास जातं. म्हणून ठाण्यातल्या आमच्या हॉलमध्ये ती भिंतीलगत लोखंडी स्टँडवर ठेवली, खाली थर्माकोल घालून.

मग पाणी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, शिवाय शेवाळाला खाद्य होईल असं बरंच काही. थोरलीच्या हातात टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) दिला तर तिने आठवडाभर शेजाऱ्यापाजाऱ्यांकडचंसुद्धा पाणी मोजलं. आमच्या स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणीही शून्यावर येईना, कारण चवीसाठी त्यात क्षार मुद्दाम ठेवलेले असतात. म्हणून मत्स्यालयासाठी वेगळा आरओ आणि त्याच्यापुढे उरलेसुरले क्षार शोषून घेणारं डीआय रेझिनचं काडतूस लावलं. मीटरवर शून्य आलं तेव्हा दोघांनी उड्या मारल्या.

समुद्राचं मीठ म्हणजे स्वयंपाकाचं मीठ नव्हे. मत्स्यालयाच्या मिठात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं सगळं हिशोबात घातलेलं असतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. झाकणाच्या ड्रममध्ये पाणी आणि मीठ घालून छोटा पंप रात्रभर फिरवत ठेवला. सकाळी थोरलीने खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर दोन थेंब टाकले, झाकणी मिटली आणि डोळा लावून खिडकीकडे तोंड केलं. निळं आणि पांढरं जिथे भेटतात ती रेघ घनतेच्या १.०२५ या आकड्यावर हवी. ती थोडी खाली होती. चमचाभर मीठ, पुन्हा तासभर थांबणं, पुन्हा दोन थेंब. हे काम तिने आजवर कुणाला करू दिलेलं नाही.

आता टाकीत पाणी, दगड, वाळू, लाटा करणारा पंप, सगळं होतं. मासे नव्हते. आणि महिन्याहून जास्त काळ नसणार होते. माझ्या सासूबाई मालवणच्या. त्या रोज संध्याकाळी खुर्ची ओढून टाकीसमोर बसत आणि विचारत, “मासे खंय आसत गो?”

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो माशांना विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही घातकच. दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि ते थोडं वाढलं तरी मासे सहन करतात. हे जिवाणू दगडांच्या छिद्रांत वस्तीला यावे लागतात, आणि त्यांना खायला अमोनिया लागतो. काहीजण त्यासाठी टाकीत कोळंबीचा तुकडा कुजायला ठेवतात. मे महिन्यात, बंद हॉलमध्ये, नको. आम्ही नवसागर वापरला. कल्हईवाला भांड्यावर टाकतो तोच, अमोनियम क्लोराइड, फक्त प्रयोगशाळेच्या दर्जाचा शुद्ध. सत्तर लिटरला अर्ध्या ग्रॅमहून थोडा कमी पुरतो. तो मापणं आणि टाकणं माझ्याकडे, मुलांकडे नाही. जिवाणूंचं बियाणं म्हणून एका ओळखीच्यांच्या जुन्या खाऱ्या टाकीतल्या फिल्टरचा स्पंज आणून आमच्या फिल्टरमध्ये ठेवला.

मग जेवणाच्या टेबलावर रोज चाचणी. काचेच्या नळीत पाच मिलि पाणी, मोजून थेंब, झाकण, हलवणं, पाच मिनिटं थांबणं. अमोनिया असेल तर पिवळ्याचा हिरवा होतो. नायट्राइटला निळ्याचा जांभळा. नायट्रेटची दुसरी बाटली आधी अर्धा मिनिट जोरात हलवावी लागते, नाहीतर आकडा खोटा कमी येतो. ती हलवायचं काम धाकट्याचं, आणि घरात त्याच्या अंगातल्या उत्साहाला इतका चांगला उपयोग दुसरा कुठलाच सापडलेला नाही. ही रसायनं तिखट असतात. चष्मा आणि खाली जुना ट्रे, याला सूट नाही.

थोरलीने आलेखवहीच्या कागदावर तीन रंगांच्या रेघा काढल्या. पहिले काही दिवस हिरवी रेघ हलेचना. मग ती उतरू लागली आणि जांभळी चढली. जांभळी इतकी चढली की तक्त्यावरचा रंग संपला. धाकटा वैतागला. थोरलीने त्याला बसवून समजावलं, “पहिल्यांनी काम केलंय, दुसरे अजून येतायत.” मी शेजारी भाजी निवडत होते. शाळेच्या पुस्तकातलं नायट्रोजन चक्र हिला आता कुणी पाठ करायला सांगायची गरज नाही, एवढं मला कळलं. सासूबाईंनी माशांची चौकशी सोडली आणि “आज जांभळो कितको?” असं विचारायला लागल्या.

त्याच काळात वाळूवर तपकिरी साय धरली. नव्या टाकीत ती येतेच. डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ, खाद्य संपलं की आपोआप ओसरतं. काही न करणं हाच उपाय.

पाण्याच्या पातळीवर आम्ही काचेला निळ्या टेपची पट्टी लावली होती. मे महिन्यात पाणी रोज बोटभर उतरायचं. धाकटा खारं पाणी ओतायला निघाला, तेव्हा त्याला विचारलं, वाफ होऊन गेलं ते काय? पाणी. मीठ कुठे गेलं? त्याला दोन मिनिटं लागली, पण उत्तर त्याचं स्वतःचं होतं: मुलुंड-भांडुपला हायवेवरून मिठागरं दिसतात, तिथे पाणी उडतं आणि मीठ राहतं. म्हणजे टेपपर्यंत भरायचं ते गोडं पाणी. रोज सकाळी दात घासल्यावर हे काम त्याचं.

उन्हाचं मात्र अवघड होतं. हीटर आपल्याकडे नुसता पडून राहतो, खरी अडचण उष्णतेची. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. आमचं पाणी दुपारी एकतीसच्या पुढे जाई. पाणी थंड करणाऱ्या चिलरची किंमत बाकीच्या सगळ्या सामानाहून जास्त, म्हणून टाकीच्या तोंडावर दोन छोटे पंखे लावले. पाण्याची वाफ होताना ते दोन-तीन अंशांनी उतरतं. पावसाळ्यात हवा दमट झाली की पंख्यांचा गुण कमी होतो, पण तोवर खोलीच थंड झालेली असते. आम्हाला एवढ्याने भागलं. विदर्भात किंवा मराठवाड्यात कुणी करणार असेल तर चिलरचे पैसे आधी बाजूला काढावेत.

शेवटची परीक्षा अशी: संध्याकाळी अमोनियाचा पूर्ण डोस द्यायचा आणि चोवीस तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य यायला हवेत. ते आले तेव्हा शाळा सुरू झाल्या होत्या. साठलेलं नायट्रेट काढायला निम्मं पाणी बदललं आणि मग दुकान गाठलं.

दुकानात धाकटा ब्लू टँग या निळ्या माशासमोर चिकटून उभा राहिला. दुकानदार म्हणाला, “घेऊन जा ताई, दोन फुटांत आरामात राहतो.” नाही राहत. तो मासा फूटभर वाढतो आणि त्याला दिवसभर पोहायला लांबच लांब जागा लागते. मी काही बोलायच्या आत थोरलीने धाकट्याला तेच सांगितलं. आम्ही ठरवूनच गेलो होतो: हॅचरीत वाढवलेली क्लाउनफिशची दोन पिल्लं, बाकी काही नाही. दूरच्या समुद्रांतून येणारे काही शोभेचे मासे सायनाइड मारून गुंगवून पकडलेले असतात. हॅचरीतल्या क्लाउनफिशचं तसं नाही. आपल्याकडच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या प्रजननाचं तंत्र बसवलं आहे, आणि टाकीत जन्मलेला मासा टाकीतल्या पाण्याला, खाण्याला सरावलेला असतो. समुद्रात तो समुद्रफुलाच्या आसऱ्याने राहतो, पण टाकीत ते नसलं तरी त्याचं अडत नाही. पैसे देण्याआधी दुकानदाराला दोघांना आमच्यासमोर खायला घालायला लावलं. दोघंही दाण्यावर तुटून पडले, तेव्हाच घेतले.

घरी पिशवी आधी टाकीत तरंगत ठेवली. मग मासे बादलीत घेऊन टाकीचं पाणी नळीने थेंबथेंब सोडलं. नळीला सैल गाठ मारून वेग जमवला. दिवे बंद. सासूबाई, मुलं, समोरच्या बिऱ्हाडातली दोन पोरं, सगळे फरशीवर. जाळीतून सोडल्यावर एक दगडामागे गेला आणि दुसरा थेट पंपाच्या प्रवाहात शिरून पोहायला लागला.

क्लाउनफिश सगळे नर म्हणूनच वाढतात. जोडीतला जो वरचढ, मोठा, तो पुढे मादी होतो. दगडामागे लपलेलाच आता मोठा झाला आहे. तो जवळ आला की दुसरा अंग थरथरवतो, म्हणजे “तूच मोठी” असं मान्य करतो. हे मुलांनी मला दाखवलं, मी त्यांना नव्हे.

रविवारी दहा टक्के पाणी बदलतो. वीज गेली तर चार्जिंगचा एअर पंप तयार असतो. रविवारचाच आणखी एक उद्योग आर्टेमियाचा, म्हणजे माशांना खायला घालायच्या खाऱ्या पाण्यातल्या इवल्याशा जिवांचा. बाटली उलटी टांगून खाऱ्या पाण्यात चिमूटभर अंडी घालायची, हवा सोडायची. दुसऱ्या दिवशी हवा बंद करून बाटलीच्या एका बाजूला टॉर्च धरला की नुकते फुटलेले नारंगी ठिपके हलत हलत उजेडाकडे गोळा होतात. धाकटा ते नळीने ओढून गाळतो, गोड्या पाण्याने धुतो आणि ड्रॉपरने सोडतो. मासे ड्रॉपर बघूनच वर येतात.

गणपतीला मालवणला जायचं होतं तेव्हा किल्ली समोरच्या बिऱ्हाडातल्या आठवीतल्या मुलाकडे दिली. माशांचा जीव खाऊ कमी पडल्याने सहसा जात नाही, जास्त झाल्याने जातो. म्हणून सासूबाईंनी आपल्या गोळ्यांचा सात कप्प्यांचा डबा रिकामा करून दिला. थोरलीने प्रत्येक कप्प्यात मोजून दाणे भरले. धाकट्याने टेपच्या पट्टीशेजारी कागद चिकटवला: “इथपर्यंत गोडं पाणी. डब्यातलं आजचं आजच. मासे मागतील, तरी देऊ नको.”