क्लाडा: काचेवर उरलेलं गाव

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, गॉलवे शहरात कॉरिब नदी समुद्राला मिळते तिथे क्लाडा आहे. आज गेलात तर नगरपालिकेनं बांधलेल्या एकसारख्या घरांच्या रांगा, मोकळी हिरवळ आणि धक्क्यापाशी राजहंसांचे थवे दिसतात. शाकारलेलं जुनं घर मात्र एकही नाही. १९३०च्या दशकात कोळ्यांची ती सगळी वस्ती पाडली गेली. म्हणून मी आधी फोटो बघितले आणि मगच तिथे चालायला गेले.

बहुतेक फोटो डब्लिनच्या विल्यम लॉरेन्सच्या दुकानातले. तो पर्यटकांना देखाव्यांची चित्रं विकायचा आणि देशभर हिंडून ती टिपायचा त्याचा माणूस रॉबर्ट फ्रेंच, जो आधी पोलिसात होता. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६च्या उठावात दुकान लुटलं गेलं, जळलं. तेव्हा फोटोची निगेटिव्ह काचेवर असायची; माणसांच्या पोर्ट्रेटच्या काचा त्यात गेल्या. देखाव्यांच्या दुसरीकडे ठेवलेल्या होत्या म्हणून वाचल्या. सुमारे ४०,००० काचा आता आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.

क्लाडाच्या या फोटोंत घरं कशीही वळलेली दिसतात, कुणाचं दार कुणाच्या पाठीशी. पण मला सगळ्यात जास्त गुंतवलं ते मासळीबाजाराच्या फोटोनं. नदीपलीकडे, १५८४ साली बांधलेल्या स्पॅनिश आर्चजवळ हा बाजार भरायचा. डोक्यावरून शाली घेतलेल्या बायका जमिनीवर बसल्यात आणि पुढ्यात टोपल्या. मासे पुरुषांनी आणायचे, विकायचं काम बायकांचं. फोटो मोठा करून एकेक चेहरा पाहिला. देखावा विकायला काढलेल्या चित्रात या बायका आपल्या धंद्यातच गुंतलेल्या आहेत, आणि म्हणूनच तो फोटो जिवंत वाटतो.

मग रंगीत काचा. १९१३च्या उन्हाळ्याच्या तोंडावर मार्गरीत मेस्पुले आणि मादलेन मिन्यों या दोन फ्रेंच तरुणी आल्बेर कान या धनिक बँकरच्या, जगभरचे रंगीत फोटो जमवण्याच्या प्रकल्पासाठी इथे आल्या. त्यांनी टिपलेली लाल शालीतली क्लाडाची मुलगी पुष्कळांनी पाहिली असेल. त्या काचांवर बटाट्याच्या स्टार्चचे रंगवलेले बारीक कण पसरलेले असत, रंग त्यांतून गाळून यायचा. १८४५पासून बटाट्याचं पीक कुजत गेलं आणि या देशात दहा लाखांच्या आसपास माणसं दगावली. त्याच देशाचा रंग बटाट्यातून उमटावा, हे मला फार लागलं.

स्पॅनिश आर्चशेजारच्या गॉलवे शहर संग्रहालयात काळ्या बुडाची, तांबड्या शिडांची हूकर होडी छताखाली टांगली आहे. असल्याच होड्या क्लाडाचे कोळी चालवत. धक्क्यावर आजही एखादी नांगरलेली भेटते. तिच्यापाशी उभं राहून जुन्या फोटोतली घरं समोरच्या हिरवळीवर कुठे बसतील, ते मी बराच वेळ ताडून पाहिलं.

वस्ती आरोग्याला घातक म्हणून पाडली गेली, आणि चित्रातल्या छपरांच्या मोहात पडून ते कारण विसरू नये. पण घरं सुधारता येत होती असं मला मनापासून वाटतं; निदान एक गल्ली तरी ठेवायला हवी होती. संग्रहालयात प्रवेश फुकट आहे, आणि लॉरेन्सचे फोटो ग्रंथालयाच्या वेबसाइटवर घरबसल्या दिसतात. गॉलवेला जाणार असाल तर निघण्याआधी एक संध्याकाळ त्यांच्यासाठी काढाच, आणि मासळीबाजाराचा फोटो नक्की मोठा करून बघा.