घाटमाथ्यावर दोन समुद्रांची सीमा : मुंबईहून ब्रह्मगिरी आणि वैतरणा

भारताच्या नद्यांचा नकाशा शाळेत प्रत्येकाने रंगवलेला असतो. तरीही दख्खनच्या मोठ्या नद्या जवळच्या अरबी समुद्राकडे पाठ फिरवून थेट बंगालच्या उपसागरापर्यंत का जातात, हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर मुंबईकरांना फार लांब जावे लागत नाही. पावसाळा सरताना आम्ही घरची मंडळी त्र्यंबकेश्वर, ब्रह्मगिरी आणि वैतरणा जलाशय असा प्रवास करून आलो. दर्शनासाठी या वाटेने पुष्कळ लोक जातात. नद्यांचा जलविभाजक, म्हणजे दोन खोऱ्यांचे पाणी वेगवेगळ्या दिशांना वळवणारी उंच सीमा, पाहण्यासाठी जाणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून हे लिहीत आहे.

नाशिककडे जाणारी सकाळची गाडी धरावी आणि कसारा आले की खिडकीशी बसावे. थळ घाटातला हा लोहमार्ग १८६५ साली सुरू झाला. येथे दर ३७ फुटांना एक फूट इतका चढ असल्यामुळे कसाऱ्याला अनेक गाड्यांना जादा इंजिने जोडली जातात. घाटाखालचे ओहोळ भातसेला मिळून अरबी समुद्राकडे जातात, तर इगतपुरीच्या पलीकडचे पाणी दारणेतून गोदावरीत आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जाते. बोगदे संपता संपता आपण एका समुद्राचे खोरे सोडून दुसऱ्या समुद्राच्या खोऱ्यात आलेलो असतो, आणि डब्यातल्या कोणाला त्याची कल्पनाही नसते.

नाशिकहून त्र्यंबकेश्वर सुमारे ३० किलोमीटर आहे आणि एस.टी. सतत मिळते. ब्रह्मगिरीचा चढ पहाटेच सुरू करावा, कारण ऊन चढल्यावर काळा कातळ चांगलाच तापतो. वाटेचा सर्वांत देखणा भाग कातळात कोरलेल्या पायऱ्यांचा आहे. दोन्ही बाजूंना उंच भिंती, मधून एका ओळीत जाता येईल एवढीच वाट, आणि हात लावावा तिथे कातळ पाझरत असतो. पठारावरील मूळ गंगेच्या मंदिरात गोमुखातून येणारी धार हाताच्या ओंजळीत मावते. हीच धार गोदावरी होऊन पुढे १४६५ किलोमीटर वाहते, वाटेत प्रवरा, मांजरा, प्राणहिता, इंद्रावती यांना पोटात घेते आणि देशाच्या जवळजवळ दहाव्या हिश्श्याइतक्या भूभागाचे पाणी वाहून नेते. अरबी समुद्र येथून जेमतेम ८० किलोमीटरवर आहे. खाली त्र्यंबक गावात मात्र या नदीच्या पात्राचा काही भाग सिमेंटखाली गेलेला आहे, आणि ते पाहून मनापासून वाईट वाटते.

या उलट्या वाटेचे कारण कड्यावर उभे राहिले की समजते. पश्चिमेला जमीन एकदम तुटून कोकणात कोसळते आणि पूर्वेला दख्खनचे पठार हळूहळू उतरत जाते. कृष्णा आणि भीमा यांचीही हीच गोष्ट आहे; महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या नद्यांपैकी कृष्णा पूर्वेला जाते आणि सावित्री बाणकोटच्या खाडीकडे. याला मोठा अपवाद नर्मदा आणि तापी यांचा, कारण त्या खचदऱ्यांतून, म्हणजे जमीन खचून झालेल्या लांब दऱ्यांतून, पश्चिमेकडे वाहतात. देशाच्या पाणलोटाचा सुमारे ७७ टक्के भाग बंगालच्या उपसागराकडे जातो, ही पुस्तकातली ओळ या कड्यावर खरी वाटू लागते.

हिमालयाशी तुलना केली की सह्याद्रीचे वेगळेपण अधिक ठसते. सिंधू, सतलज आणि ब्रह्मपुत्रा या नद्या हिमालयाच्या पलीकडे, तिबेटात, कैलास-मानसरोवराच्या परिसरात उगम पावतात आणि सर्वांत उंच रांगा कापून अलीकडे येतात, कारण पर्वत उचलला जात होता तेव्हाही त्यांचे वाहणे चालूच होते. तेथे जलविभाजक शिखरांच्या मागे आहे; येथे तो घाटमाथ्यालाच धरून चालतो, म्हणून तो पायी ओलांडता येतो. शिवाय हिमालयातील नद्यांना उन्हाळ्यात बर्फाचे पाणी मिळते, तर आपल्या नद्यांचा भरवसा केवळ पावसावर आहे.

वैतरणाही त्र्यंबकच्याच डोंगरात उगम पावते, परंतु ती पश्चिमेला वळते. घोटीहून ऊर्ध्व वैतरणा धरणाकडे रस्ता जातो. भिंतीवर जाण्याचा हट्ट धरू नये, जलाशयाच्या काठाने जाणारा रस्ता पुरेसा आहे. भातखाचरांच्या पलीकडे पसरलेले पाणी पाहून भाची म्हणाली, "मामा, म्हणजे आपल्या घरच्या नळाला हेच येतं?" होय, हेच येते. येथून सोडलेले पाणी नदीच्याच पात्रातून मध्य वैतरणा आणि मोडकसागर या धरणांपर्यंत उतरते आणि भांडुपला शुद्ध होऊन मुंबईत येते. ज्या शहराची तहान ही नदी भागवते, तेथील मुलांना तिचा उगम एकदा तरी दाखवलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

जाण्यास सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ उत्तम. ओहोळ वाहत असतात आणि दूरवरचे दिसते. जुलैत धबधबे असले तरी धुक्यामुळे दोन्ही बाजूंचा उतार दिसत नाही, आणि तोच तर पाहायचा आहे. श्रावणातले सोमवार टाळावेत, कारण ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला प्रचंड गर्दी होते. २०२७ च्या सिंहस्थातही या कामासाठी जाऊ नये. माकडे फार आहेत, तेव्हा खाऊ हातात न धरता पाठीवरच्या पिशवीत बंद ठेवावा. पाणी पुरेसे घ्यावे आणि सोबत खोऱ्यांचा नकाशा असावा. मोबाइलच्या नकाशावर रस्ते ठळक दिसतात, उतार दिसत नाहीत.

वैतरणेचे दुसरे टोक पाहायचे असेल तर वेगळा अर्धा दिवस काढून विरारहून डहाणूची लोकल पकडावी. वैतरणा आणि सफाळे या स्थानकांच्या दरम्यान गाडी पुलावरून जाते आणि खाली नदीची रुंद खाडी झालेली दिसते. गोदावरी मुखाशी मोठा त्रिभुज प्रदेश रचते, तर कोकणातल्या आखूड आणि वेगवान नद्यांच्या मुखाशी अशा खाड्याच दिसतात. ओहोटीची वेळ पाहून गेल्यास उघडी पडलेली चिखलाची मैदानेही पाहता येतात.