क्वीन, ॲडम लॅम्बर्ट आणि हवेवर उभं असलेलं छप्पर

क्वीन हा ब्रिटिश रॉक बँड ऐकायला थेट टोकियो गाठायचं म्हणजे चैन आहे, मान्य. पण इलाज काय? आताचा गायक ॲडम लॅम्बर्टला घेऊन ही मंडळी २०१६ मध्ये सिंगापूर, तैपेई, शांघाय, हाँगकाँग, बँकॉक असं सगळं करून गेली. मुंबईच्या वाट्याला काही आलं नाही. ज्याच्या नावावर आजही स्टेडियमं भरतात तो क्वीनचा मूळ गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बलसारा, शिकला मात्र आपल्या पाचगणीत. सेंट पीटर्स शाळेत असताना त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा पहिला बँडही तिथेच काढला. आपण पाचगणीला जातो, स्ट्रॉबेरी क्रीम खातो आणि टेबल लँडवर घोड्यावर बसून फोटो काढून परत येतो. असो.

मला विचाराल तर क्वीन जपानमध्येच ऐकावं. इंग्लंडातले समीक्षक अजून नाकं मुरडत होते तेव्हा, एप्रिल १९७५ मध्ये, हानेदा विमानतळावर या चौघांना बघायला हजारो पोरी जमल्या होत्या. १९ एप्रिलला टोकियोच्या बुदोकान सभागृहात त्यांचा जपानमधला पहिला कार्यक्रम झाला आणि तेव्हापासून हे नातं तुटलेलं नाही. २०१८ च्या फ्रेडीवरच्या चित्रपटाने तर जपानमध्ये १३०० कोटी येनच्या वर धंदा केला. त्यामुळे प्रेक्षकांत सत्तरीच्या आजी आणि त्यांची कॉलेजातली नात शेजारीशेजारी दिसतात. दोघींच्या गळ्यात बँडच्या नावाचा तोच टॉवेल.

'रॅप्सडी' दौऱ्याचा जपानचा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये झाला: नागोया, ओसाका, सप्पोरो आणि शेवटी टोकियो डोम या बंदिस्त बेसबॉल स्टेडियममधल्या दोन रात्री, १३ आणि १४ तारखेच्या. त्याआधी ३१ डिसेंबरच्या रात्री एनएचके या जपानी दूरदर्शन वाहिनीच्या 'कोहाकु' या गाण्यांच्या कार्यक्रमातही ते दिसले होते. घरातल्या सगळ्या पिढ्या एकत्र बसून बघतात असा तो कार्यक्रम. वातावरण तिथूनच तापलं होतं.

तिकिटांचं एकदा नीट सांगते, कारण बहुतेक जण तिथेच अडकतात. जपानमध्ये मोठ्या कार्यक्रमाची तिकिटं सहसा आधी सोडतीने निघतात. ठरलेल्या मुदतीत अर्ज करायचा, निकालाची वाट बघायची, नंबर लागला तर पैसे भरायचे. पहिला येईल त्याला पहिलं, हा हिशेब नंतर उरलेल्या तिकिटांपुरता. खरी अडचण फोन नंबरची. जपानी तिकीट साइट्स खात्री करण्यासाठी जपानी नंबरवर संदेश पाठवतात, आणि पर्यटकांना मिळतं ते सिम बहुतेक वेळा फक्त डेटाचं असतं. त्यामुळे तिथे राहणारं कोणी ओळखीचं असेल तर त्याच्या गळी पडा, नाहीतर आयोजक परदेशी लोकांसाठी वेगळी विक्री ठेवतात का ते आधी बघा. काळ्या बाजाराच्या वाटेला जाऊ नका. जून २०१९ पासून जपानमध्ये चढ्या भावाने तिकीट विकण्याचा धंदा हा कायद्याने गुन्हा आहे, आणि नाव छापलेलं तिकीट असेल तर दारात ओळखपत्र मागू शकतात.

जागाही आपल्या हातात नसते. आपण फक्त वर्ग निवडतो, खुर्ची कुठली ते बरंच उशिरा कळतं. 'अरेना' हे नाव ऐकून हुरळून जायचं कारण नाही. अरेना म्हणजे बेसबॉलच्या सपाट मैदानावर मांडलेल्या घडीच्या खुर्च्या. पहिल्या गाण्याला सगळे उभे राहतात, आणि सव्वापाच फुटांच्या माणसाला त्यानंतर फक्त पुढच्याची मान दिसते. मला विचाराल तर पहिल्या मजल्याच्या स्टँडमधली, जरा बाजूची जागा सगळ्यात चांगली. उतार असतो, मंचावरून प्रेक्षकांत येणाऱ्या रॅम्पचं टोक दिसतं आणि आवाज त्यातल्या त्यात साफ येतो.

त्यातल्या त्यात म्हणायचं कारण डोमचं छप्पर. १९८८ मध्ये उघडलेल्या या इमारतीचं छत खांबांवर नाही, हवेवर उभं आहे. टेफ्लॉन चढवलेल्या काचतंतूंचा पडदा, त्यावर पोलादी दोरांची जाळी, आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे ०.३ टक्के जास्त ठेवणारे पंखे. एवढ्यावर शेकडो टनांचं छप्पर तरंगतं. म्हणून तर सगळीकडे फिरते दरवाजे आहेत, साधे दरवाजे उघडे टाकले तर दाब उतरेल. बेसबॉलला हे झकास. संगीताला नाही. ढोल आणि बास छताला आपटून परत येतात आणि मागच्या स्टँडमध्ये त्याचा रगडा होतो. मंच सहसा मैदानाच्या पल्याडच्या टोकाला, कुंपणापाशी असतो, तिथून होम प्लेट, म्हणजे बेसबॉलमधली फलंदाजाची जागा, १२२ मीटरवर आणि त्याच्याही मागे प्रेक्षक. आवाजाला तेवढं अंतर कापायला ०.४ सेकंदाच्या आसपास लागतात. म्हणजे पडद्यावर काठी ढोलावर पडून गेलेली असते आणि 'धप्प' नंतर येतो. मध्ये लावलेले, आवाज मुद्दाम जरा उशिराने सोडणारे डिले स्पीकर हे बरंच सावरून घेतात, पण पुरतं नाही.

गंमत अशी की या दोषावर ज्याचा जन्मभर अभ्यास झालाय तोच माणूस मंचावर असतो. क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे याच्याकडे खगोलभौतिकीतली डॉक्टरेट आहे, २००७ मध्ये इम्पीरियल कॉलेजमधून रीतसर प्रबंध देऊन मिळवलेली. 'वी विल रॉक यू'च्या १९७७ च्या ध्वनिमुद्रणात त्या टाळ्या-पावलांचे थर त्याने मूळ संख्यांच्या प्रमाणातल्या अंतरांनी लावले. प्रतिध्वनीसारखा आवाज नको होता, माणसांची गर्दी वाटायला हवी होती. आणि त्याचं लांबलचक गिटार सोलो तर मुद्दाम घातलेल्या विलंबावरच चालतं. एक ओळ वाजवायची, ती थोड्या वेळाने दुसऱ्या ॲम्प्लिफायरमधून परत येते, मग तिसऱ्यातून, आणि तो स्वतःशीच तीन पदरी वाजवत राहतो. डोमच्या घुमण्याचा फायदा झालेला मी ऐकला तो फक्त इथे. गिटार तीच, वडिलांबरोबर घरी बनवलेली: मान जुन्या शेकोटीच्या लाकडाची, खुणांचे ठिपके शिंपल्याच्या बटणांचे, आतल्या स्प्रिंगा मोटारसायकलच्या. वाजवायला प्लास्टिकची पिक नाही, सहा पेन्सचं नाणं.

आता लॅम्बर्ट. 'अमेरिकन आयडॉल'मध्ये २००९ साली दुसरा आलेला मुलगा, अंतिम फेरीत मे आणि क्वीनचा ड्रमवादक रॉजर टेलर यांच्याबरोबर गायला, आणि ३० जून २०१२ ला कीव्हमध्ये पहिला पूर्ण कार्यक्रम झाला. फ्रेडी गेला तेव्हा हा नऊ वर्षांचा होता. त्याच्याआधी २००४ ते २००९ पॉल रॉजर्स होता. उत्तम गायक, पण ब्लूजच्या घराण्यातला. क्वीनचा नाटकी थाट त्याच्या अंगावर कधी बसला नाही. लॅम्बर्टचं मूळच रंगभूमीचं, त्यामुळे चमकते कपडे, भुवया, मोटारसायकलवर रेलून गाणं, हे त्याला शोभतं. वरचे सूर तो पूर्ण ताकदीने लावतो. दौऱ्यात गळा सांभाळण्यासाठी स्वतः फ्रेडी त्यातले कित्येक सूर टाळून खाली यायचा, हे जुनी ध्वनिमुद्रणं ऐकणाऱ्यांना माहीत आहे. तरी लोक तुलना करतात, करोत.

मला पटतं ते वेगळंच. बॅनरवर 'क्वीन' आणि 'ॲडम लॅम्बर्ट' यांच्यामध्ये अधिकचं चिन्ह असतं आणि कार्यक्रमाची सगळी बांधणी त्या चिन्हाला जागते. ज्या दोन ठिकाणी फ्रेडी पडद्यावर येतो तिथे लॅम्बर्ट मंचावर नसतो. एक, 'लव्ह ऑफ माय लाइफ': मे रॅम्पच्या टोकाला स्टुलावर एकटा, बारा तारांची गिटार, प्रेक्षक गातात, आणि शेवटच्या कडव्याला पडद्यावर फ्रेडी. दुसरं, शेवटच्या टप्प्याआधी फ्रेडीची ती लांब हाळी, जिला पन्नास हजार लोक ओ देतात. जुनं चित्रीकरण बरं का, तरी पुढची हाळी कशी येणार हे माहीत असलेले लोकसुद्धा श्वास रोखून थांबतात. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'मधल्या ऑपेराच्या भागात तर मंचावर कोणीच नसतं, ध्वनिफीत आणि १९७५ चा व्हिडिओ चालतो. याला फसवणूक म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की फ्रेडी असतानाही असंच व्हायचं. आवाजांवर आवाज चढवत केलेलं ते काम चार माणसांनी मंचावर करणं शक्यच नाही.

जपानमध्ये मात्र एक गाणं जास्तीचं असतं आणि खरं सांगायचं तर सगळा खर्च त्याच्यासाठी. 'तेओ तोरियात्ते'. १९७६ च्या अल्बमचं शेवटचं गाणं, मेने जपानी चाहत्यांसाठी लिहिलेलं, ध्रुपद जपानी भाषेत. लंडनला गेलात तर हे कानावर पडण्याची शक्यता जवळपास शून्य. २०११ च्या भूकंपानंतर मदतीसाठी निघालेल्या संग्रहातही हेच गाणं होतं, त्यामुळे तिथल्या माणसांना ते दोनदा आपलं वाटतं. मे गाऊ लागतो. आवाज काही गायकाचा नाही, थोडा कापरा, तेव्हा ७६ वर्षांचा. त्याच्या मागे २०२० मधला हृदयविकाराचा झटका आहे. पहिलं कडवं इंग्रजी, तोवर सभागृह नुसतं ऐकतं. जपानी प्रेक्षक ऐकतात म्हणजे खरंच ऐकतात. कोणी शेजाऱ्याशी बोलत नाही, कोणी बिअर आणायला उठत नाही, पुढच्याच्या डोक्यावर फोन धरत नाही. आपल्याकडच्या कार्यक्रमांत मागे उभं राहून पार्टीचे बेत करणाऱ्यांनी एकदा इथे बसून बघावं. आणि ध्रुपद आलं की ती सगळी शांत माणसं एकदम गातात. ओरडत नाहीत, गातात. शाळेच्या प्रार्थनेसारखं, एका पट्टीत. डोमच्या ज्या घुमण्याला मी वर शिव्या घातल्या ते इथे जाणवलंच नाही, कारण आवाज मंचावरून येतच नव्हता, सगळ्या बाजूंनी येत होता. मे मध्येच गायचा थांबतो. त्याला गरजच उरत नाही. दुसऱ्या ध्रुपदाला माझ्या शेजारच्या बाई रुमाल तोंडावर धरून गात होत्या, आणि मला शब्द पाठ नाहीत याचा इतका राग आला म्हणून सांगते. जाणार असाल तर त्या चार ओळी देवनागरीत लिहून घ्या. जपानी उच्चार मराठी तोंडाला अजिबात जड नाहीत.

म्हणून प्रसाधनगृहाचा सल्ला: लॅम्बर्ट कपडे बदलायला आत गेला की बरेच जण उठतात, आणि नेमकं त्याच वेळात हे सगळं असतं. मध्ये उठायचंच नाही असं ठरवून आधीच जाऊन या. बायकांच्या रांगा लांब असतात, पण भराभर सरकतात.

बाकी किरकोळ. फेब्रुवारीत टोकियोत दिवसा १० अंश, रात्री २-३ अंश, आणि डोमच्या आत मात्र उबारा. जाड कोटाचं करायचं काय? तिथले लोक मोठी प्लास्टिकची पिशवी आणतात, कोट त्यात कोंबून खुर्चीखाली. शंभर येनच्या दुकानात ४५ लिटरच्या पिशव्यांचं पुडकं मिळतं. सामान हॉटेलातच ठेवा, डोमजवळच्या सुईदोबाशी स्टेशनवरचे लॉकर दुपारीच भरतात. काचेच्या बाटल्या आणि कॅन दारात अडवतात.

दुपार मोकळी असेल तर बुदोकानपासून चालत या. कुदानशिता स्टेशनचं दोन नंबरचं दार, बाहेर पडलं की अष्टकोनी छप्पर असलेली १९६४ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेली ती इमारत. तिथून यासुकुनी रस्त्याने जिम्बोचोपर्यंत पायी दहा-पंधरा मिनिटं, म्हणजे जुन्या पुस्तकांच्या दुकानांचा भाग, आणि पुस्तकांइतकाच करीसाठी प्रसिद्ध. मग डावीकडे हाकुसान रस्त्याला वळायचं की नाकासमोर सुईदोबाशी आणि डोम. शाकाहारी मंडळींनी जिम्बोचोच्या करीवर भाज्या दिसल्या म्हणून झडप घालू नये. रश्शात बहुतेक वेळा मांसाचं किंवा माशाचं पाणी असतं, आणि 'मांस नको' सांगितल्यावर फक्त तुकडे काढून देतात. कोन्बिनीतली, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातली, उमेबोशीची ओनिगिरी बरी, भाताचा गोळा आणि आत आंबट-खारट लोणचं. घरचे मेतकूट-भात आठवतील, पण पोट भरतं.

परतीचा मामला तसा सोपा, फक्त धीर हवा. शेवटचं गाणं झालं, ध्वनिफितीवरचं ब्रिटिश राष्ट्रगीत संपलं की लगेच पळायचं नाही. ध्वनिक्षेपकावरून विभागांची नावं सांगतात आणि तेवढेच लोक उठतात. बाकीचे हजारो खुर्चीत बसून राहतात, कोणी कुरकुरत नाही. अर्धा तास सहज जातो. काही फाटकांतून दाब राखण्यासाठी लोकांना सावकाश सोडतात, पण बाहेर पडताना वारा पाठीत असा ढकलतो की टोपी हातात धरलेली बरी. सुईकामध्ये, म्हणजे रेल्वेच्या प्रवास कार्डात, परतीचे पैसे जातानाच भरून ठेवा, कारण सुईदोबाशीला यंत्रांपुढची रांग रस्त्यापर्यंत येते. आणि त्या स्टेशनात सगळ्यांबरोबर घुसण्यापेक्षा कोराकुएन किंवा कासुगा गाठा, नाहीतर सरळ इइदाबाशीपर्यंत चाला. शिंजुकुची पिवळी सोबू गाडी तिथूनही मिळते. बसायला जागा मात्र मिळणार नाही, ती गर्दी सुईदोबाशीहून चढून आलेली असते.