सीमेवरच्या भावाचा पगार आणि मोडता संसार: माझा अनुभव

माझा धाकटा भाऊ भूदलात हवालदार आहे. तो पूर्व लडाखमध्ये तैनात असताना भावजय माहेरी निघून गेली आणि पुढे घटस्फोटाचा दावा दाखल झाला. भावाला रजा मिळण्याची शक्यता नव्हती, त्यामुळे वकील, बँक आणि न्यायालय ही सारी कामे साताऱ्यात राहणाऱ्या माझ्यावर, थोरल्या बहिणीवर, आली.

पहिली अडचण बँकेची होती. पगार जमा होई ते खाते पती-पत्नीचे संयुक्त होते आणि दोघांपैकी कोणालाही एकट्याच्या सहीने त्यातील सर्व रक्कम काढता येत होती. शिवाय आपल्याकडचे प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नसल्याने त्याने तिकडचा वेगळा क्रमांक घेतला होता, आणि बँकेला जोडलेला जुना क्रमांक घरातल्या, म्हणजे भावजयीच्या, फोनमध्ये राहिला होता. ओटीपी तिच्याकडे आणि पगार त्याचा, अशी ती विचित्र स्थिती होती. गावातल्या काहींनी सारी रक्कम तातडीने आईच्या नावावर वळवण्याचा सल्ला दिला. आमच्या वकीलबाईंनी त्याला ठाम विरोध केला, कारण न्यायालयात अशी हालचाल पैसे दडवल्यासारखीच दिसते. त्यांच्या सांगण्यावरून जमा शिल्लक तशीच ठेवली, दोघांच्या सहीशिवाय व्यवहार होऊ नयेत असे बँकेला भावाच्या सहीने लेखी कळवले, आणि त्याने युनिटमार्फत वेतन लेखा कार्यालयाला अर्ज करून पुढील पगार स्वतःच्या एकट्याच्या नव्या खात्यात घेतला. घरकर्जाचा हप्ता मात्र जुन्या खात्यातूनच कापला जात असल्याने तेवढी रक्कम दरमहा तिथे भरत राहावे लागले. ही गोष्ट सहज नजरेतून सुटते आणि मग थकबाकी फौजीच्याच नावावर चढते.

यानंतरचा प्रश्न तारखांचा. प्रतिवादी हजर नाही म्हणून एकतर्फी हुकूम होईल, ही आईची रात्रंदिवसाची भीती होती. येथे 1925 चा भारतीय सैनिकांच्या दाव्यांविषयीचा कायदा उपयोगी पडला. विशेष परिस्थितीत सेवा करणारा सैनिक न्यायालयात हजर राहू शकत नाही, असे लष्करी अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र आले की दिवाणी न्यायालयाला कामकाज पुढे ढकलावे लागते, आणि त्याच्याविरुद्ध एकतर्फी हुकूम होऊन गेलाच असेल तर तो रद्द करून मागण्याची तरतूदही त्यात आहे. दुसरा आधार दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश 28 चा. रजा न मिळणाऱ्या सैनिकाला आपल्या वतीने दावा चालवण्यासाठी कोणालाही अधिकार देता येतो. फक्त ते अधिकारपत्र त्याने कमान अधिकाऱ्यासमोर सही केलेले असावे लागते. भावाचे पत्र टपालाने येईपर्यंत जीव टांगणीला लागला होता, पण ते न्यायालयात दाखल झाल्यावर वकील नेमण्याचा अधिकार मला मिळाला.

पोटगीचा अर्ज मात्र या संरक्षणाच्या आडून लांबवायचा नाही, असे वकीलबाईंनी बजावले आणि मला ते पूर्णपणे पटले. सेना अधिनियम 1950 च्या कलम 28 प्रमाणे सैनिकाच्या वेतन-भत्त्यांवर न्यायालयीन जप्ती आणता येत नाही, हे खरे. परंतु त्याच अधिनियमाच्या कलम 91 खाली पत्नी व अपत्याच्या निर्वाहासाठी पगारातून थेट कपात करण्याचा अधिकार लष्कराला आहे. पत्नीने युनिटकडे अर्ज केला की सैनिकाला नोटीस येते आणि त्याचे म्हणणे ऐकून रक्कम ठरते. भावजयीने असा अर्ज केला तेव्हा भावाकडे प्रत्येक महिन्याच्या बँक हस्तांतराची नोंद तयार होती, कारण दुरावा आल्यापासून तो तिला व मुलीला न चुकता पैसे पाठवत होता. माझ्या मते साऱ्या प्रकरणात त्याचे खरे रक्षण या नोंदींनी केले. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालानुसार दोघांनाही मालमत्ता व देण्यांचे शपथपत्र द्यावे लागले. त्यात आम्ही भविष्य निर्वाह निधी, विमा, कर्ज आणि लष्कराकडून होणारी कपात, सारे लिहिले. ती कपात न्यायालयाने ठरवलेल्या पोटगीत वळती झाली आणि एकाच कारणासाठी दोनदा पैसे देण्याची वेळ टळली. भावजयीचे स्त्रीधन यादी करून, दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन परत केले. त्यावर घासाघीस करण्याचे काही कारणच नव्हते.

नामनिर्देशनातून पत्नीचे नाव काढण्याबाबत भाऊ घाईत होता. विवाह कायदेशीररीत्या टिकून असेपर्यंत कुटुंब निवृत्तिवेतनावरील पत्नीचा हक्क निव्वळ अर्ज करून काढता येत नाही, हे समजल्यावर त्याने तो विषय सोडला.

शेवटी तो रजेवर आला, तेव्हा सेना अधिनियमाच्या कलम 32 प्रमाणे रजेचे प्रमाणपत्र न्यायालयात सादर केले, कारण शक्यतो रजेच्या काळातच सुनावणी घ्यावी असे ते कलम सांगते. त्याच रजेत बँकेला जोडलेला मोबाइल क्रमांकही बदलला. समजुतीच्या अटी ठरल्या आणि पुढे परस्पर संमतीने हुकूमनामा झाला. त्याची प्रमाणित प्रत युनिटला पाठवली, पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सैनिकाच्या सेवा नोंदीतील बदलाचा लष्करी आदेश, निघाली आणि वैवाहिक स्थितीची नोंद बदलली. पत्नीसाठीची कपात अटींप्रमाणे बंद झाली; मुलीची रक्कम दरमहा तिच्या खात्यात जमा होते.